दाम करी काम. पण कोणते काम?

३ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख कोटी रुपयांच्या ‘संशोधन, विकास आणि नवोन्मेष’ निधीचा आरंभ झाला. खासगी उद्योगांनी संशोधनात पैसा घालावा यासाठी त्यांना दीर्घ मुदतीची, अल्प किंवा शून्य व्याजाची कर्जे आणि भागभांडवल पुरवायचे, असे या योजनेचे स्वरूप आहे. बातमी आली तेव्हापासून माझ्या परिचयाच्या विद्यार्थ्यांमध्ये दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, चला, आता कुठे विज्ञानाला नफ्याची हवा लागेल. सरकारी पगारावर आजवर कोणी काय शोधले? दुसरा तट म्हणतो, जनतेच्या पैशावर भांडवलदार आयत्या बिळावरचे नागोबा होणार. खरे विज्ञान केवळ सरकारी प्रयोगशाळेतच होते.

दोन्ही तट एकाच गृहीतकावर उभे आहेत आणि ते गृहीतक चुकीचे आहे. ते असे की, संशोधनाची प्रेरणा प्रयोगशाळेच्या मालकीतून जन्माला येते: मालक भांडवलदार असेल तर एक प्रेरणा, सरकार असेल तर दुसरी. माझे म्हणणे असे, की शोध लावणाऱ्या माणसाची प्रेरणा सगळीकडे साधारण सारखीच असते. पळसाला पाने तीनच. व्यवस्थेगणिक बदलतात त्या तीन वेगळ्याच गोष्टी. प्रयोग फसला तर त्याची किंमत कोण मोजतो? काहीही न बदलता बसून राहिले तर कोणाचे काय बिघडते? आणि शोध लागल्यावर तो घ्यायला दारात कोण उभे असते? समाजवाद आणि भांडवलशाही यांची तुलना करायचीच असेल तर ती या तीन प्रश्नांवर करावी. ध्वजाच्या रंगावरून काहीही सिद्ध होत नाही.

सुरुवात माझ्या विषयापासून, भौतिकीपासून करतो. कारण इतिहासाने येथे जवळजवळ नियंत्रित प्रयोगच करून ठेवला आहे.

अर्धवाहक लेसर १९६२ मध्ये अवतरला, पण तो व्यवहारात निरुपयोगी होता. त्याला द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात ठेवावे लागे, नाहीतर क्षणभराच्या स्पंदांपुरताच तो प्रकाश देई. यावरचा उपाय १९६३ मध्ये दोन ठिकाणी, एकमेकांच्या नकळत सुचला: दोन वेगळ्या अर्धवाहकांच्या थरांमध्ये एक पातळ थर दाबून बसवायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश दोन्ही त्या थरातच कोंडले जातील. कॅलिफोर्नियातील व्हेरियन या खासगी कंपनीत हा विचार मांडला हर्बर्ट क्रोमर यांनी. लेनिनग्राडच्या योफे संस्थेत तो मांडला झोरेस अल्फेरोव्ह आणि रुडॉल्फ काझारिनोव्ह यांनी. क्रोमर यांच्या कंपनीने त्यांना या कामासाठी साधने नाकारली. कारण काय, तर अशा वस्तूचा व्यवहारात काही उपयोग होणे शक्य नाही! नफ्याचे तथाकथित तीक्ष्ण नाक विसाव्या शतकातील एका अत्यंत फायदेशीर कल्पनेसमोर उभे होते आणि त्याला वास आला नाही. लेनिनग्राडमध्ये मात्र काम चालू राहिले. १९७० मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी, सामान्य तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसर करून दाखवला. अल्फेरोव्ह आणि क्रोमर यांना २०००चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथवर दोन्ही व्यवस्था बरोबरीत आहेत. फरक पडला तो पुढे. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली आणि याच जातीचा लेसर घरोघरी गेला. सोव्हिएत नागरिकाच्या घरी तो त्या वाटेने गेला नाही. मग सोव्हिएत व्यवस्थेत त्याचे काहीच झाले नाही का? झाले. अल्फेरोव्ह यांच्या त्याच संशोधनातून निघालेले सौरघट ‘मीर’ अवकाशस्थानकावर बसले. कारण अवकाशात राज्यसंस्था स्वतः गिऱ्हाईक म्हणून उभी होती. अमेरिकेशी स्पर्धा होती आणि मागे पडण्याची भीती खरी होती. घरातल्या संगीतासाठी मात्र दारात कोणीच उभे नव्हते. शोधक तोच, संस्था तीच. ज्या दाराशी कोणी उभे होते तेथे शोध पोहोचला.

कोणी म्हणेल, सोव्हिएत संशोधकाला बक्षीस नव्हते म्हणून असे झाले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सोव्हिएत संघात शोधकर्त्याला ‘लेखकत्वाचे प्रमाणपत्र’ मिळे आणि शोधामुळे होणाऱ्या बचतीच्या प्रमाणात, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, रोख बक्षीसही देण्याची तरतूद होती. इकडे भांडवलशाहीचा मुकुटमणी मानल्या जाणाऱ्या बेल प्रयोगशाळेत कर्मचारी आपले पेटंटचे हक्क नाममात्र एका डॉलरला कंपनीच्या नावे करून देत. शिवाय बेल प्रयोगशाळा मुक्त स्पर्धेचे अपत्यही नव्हती. ती ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिच्याकडे अमेरिकेच्या दूरध्वनीची सरकारमान्य मक्तेदारी होती. संशोधनाचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच येत होता. १९४७ चा ट्रान्झिस्टर असा, आजच्या भाषेत सांगायचे तर, सुरक्षित नोकरीतून निघाला. आणि १९५६ मध्ये सरकारने न्यायालयीन तडजोडीत कंपनीला तिची जुनी पेटंटे इतरांना विनामूल्य खुली करायला लावली, तेव्हा त्या ज्ञानाचा लाभ इतर उद्योगांनाही झाला.

सोव्हिएत संघाची खरी व्यथा प्रयोगशाळेत नव्हती, कारखान्याच्या दारात होती. कारखान्याच्या व्यवस्थापकाचा बोनस वार्षिक लक्ष्य पुरे करण्यावर अवलंबून असे. नवे यंत्र बसवायचे तर उत्पादन काही काळ थांबणार, म्हणजे यंदाचे लक्ष्य हुकणार. यंत्र यशस्वी झाले तर पुढच्या वर्षीचे लक्ष्य वाढवून दिले जाणार. फसले तर दोष त्याच्या माथी. म्हणजे अपयशाला शिक्षा आणि यशालाही शिक्षा! अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस जे करील तेच तो करी: कालचीच वस्तू आज पुन्हा बनवी. आळस रशियन माणसाच्या रक्तात होता म्हणून असे झाले नाही. नियमांनीच त्याला तसे शिकवले.

हे वाचून पहिल्या तटाच्या मित्रांनी फार खूश होऊ नये, कारण आता मी त्यांना घरी घेऊन येणार आहे.

मी म्हैसूरला राहतो. येथील यादवगिरी भागात १९६१ पासून ‘आयडियल जावा’चा कारखाना होता. जावाची मोटारसायकल मूळची चेकोस्लोव्हाकियातील, म्हणजे समाजवादी देशातील सरकारी कारखान्याची. ती तेथे बनत होती, शर्यतींत धावत होती, परदेशी बाजारात गिऱ्हाईक शोधत होती. म्हैसूरला तिचे तंत्र घेऊन ती बनवणारी कंपनी मात्र पूर्णपणे खासगी होती. आता पुस्तकी न्यायाने काय व्हायला हवे होते? समाजवाद्यांनी दिलेली वस्तू भांडवलदारांनी झपाट्याने सुधारायला हवी होती. झाले असे, की पुढे जावाची येझदी झाली, नवी मॉडेले आली, पण दोन स्ट्रोकच्या, दोन सायलेन्सरच्या त्या एकसिलिंडरी इंजिनाचा मूळ पिंड कायम राहिला. गाडी दणकट होती, लोकांचा तिच्यावर जीव होता, अजूनही आहे. पण १९८०च्या दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

पुण्याच्या वाचकांना आकुर्डीची गोष्ट सांगायला नको. बजाज चेतक १९७२ मध्ये आली. तिच्यासाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे, काही वेळा दहा-दहा वर्षे थांबत. नोंदणी केलेला क्रमांक हीच एक मालमत्ता होती. या काळात बजाजला नफा होत नव्हता का? भरपूर होत होता. मालकी खासगी नव्हती का? होती. तरीही ती स्कूटर दीर्घकाळ मूळ स्वरूपातच विकली जात राहिली, कारण रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नव्हते. दोष एकट्या मालकांचा नव्हता. उत्पादन वाढवायलासुद्धा सरकारी परवाना लागत असे. मग परवान्यांची भिंत ढासळली, हिरो होंडाच्या चार स्ट्रोकच्या गाडीने बाजार खेचून नेला, आणि त्याच कंपनीने २००१ मध्ये पल्सर आणली, २००३ मध्ये तिच्या इंजिनात दोन स्पार्क प्लगांचे तंत्र आणले. तेच घराणे, तीच कंपनी, तेच शहर. नफ्याची इच्छा आधीही होती, नंतरही होती. आधी नव्हती ती एकच गोष्ट: बदललो नाही तर बुडू, ही जाणीव.

म्हणून ‘नफा नवोन्मेष घडवतो’ हे वाक्य अर्धसत्य आहे. नफा जर न बदलता मिळत असेल तर तोच नफा बदलाचा शत्रू होतो. सोव्हिएत व्यवस्थापक आणि परवाना राज्यातील भारतीय कारखानदार ही दोन टोके वाटतात. प्रत्यक्षात ते सख्खे भाऊ होते.

‘म्हणजे अखेर स्पर्धाच हवी, हे तू मान्य केलेस!’ असे कोणी म्हणेल. स्पर्धा हवी, हे मान्यच आहे. पण स्पर्धा तेथेच येते जेथे गरजवंताच्या खिशात पैसे असतात. सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेचा आडवा पट्टा ‘मेनिंजायटिस ए’च्या साथींनी वारंवार होरपळत असे. ती लस विकत घेणारे देश गरीब, म्हणून मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. अखेर जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था एकत्र आल्या, गेट्स प्रतिष्ठानने २००१ मध्ये निधी दिला, लशीचे एक महत्त्वाचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतून आले, आणि लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती मोठ्या प्रमाणावर टोचायला सुरुवात झाली. यात खासगी कंपनी आहे, सरकारी प्रयोगशाळा आहे, दानाचा पैसा आहे. हिला समाजवाद म्हणायचे की भांडवलशाही? मला ते ठरवण्याची गरज वाटत नाही. अपयशाचा भार अगोदर कोणीतरी उचलला होता आणि लस तयार झाल्यावर ती घेणारे ठरलेले होते; बाकी काम तंत्रज्ञांनी केले.

दुसऱ्या तटासाठीही म्हैसूरचेच एक उदाहरण देतो. तेही त्यांना पूर्ण सोयीचे नाही. १९५० मध्ये येथील चेलुवांबा राजवाड्यात केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, सुरू झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचे अन्न बनवण्याची कृती शोधली. हे साधे काम नव्हते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश फार, प्रथिने आईच्या दुधाहून कितीतरी अधिक, आणि पोटात त्याचे होणारे दही घट्ट; अर्भकाला ते पचावे कसे? तोवर डब्यातले बालअन्न परदेशातून येई आणि देशाकडे परकीय चलनाची चणचण होती. सरकारी संस्थेने शोध लावला, हे खरे. पण असे कितीतरी शोध अहवालांच्या बासनात बांधून पडले. हाच का तरला?

कारण त्या शोधाची वाट पाहणारे कोणीतरी होते. आणंदला खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ होता. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट दूध देत आणि ते सगळे मुंबईची सरकारी दूध योजना घेत नसे. उरलेल्या दुधाचे काय करायचे, हा हजारो शेतकरी घरांच्या चुलीचा प्रश्न होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत असताना संघाच्या एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये तेथे भुकटीचा कारखाना उभा राहिला. म्हैसूरची कृती आणंदला गेली आणि अमूलच्या डब्यातून घरोघरी पोहोचली. आणि या सगळ्याचे सारथ्य करणारे वर्गीस कुरियन आणंदला कोणत्या प्रेरणेने आले होते? सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्यामुळे लिहून द्यावा लागलेला बाँड फेडायला! १९४९ मध्ये नाइलाजाने आलेला हा भौतिकीचा पदवीधर जन्मभर तेथेच राहिला, कारण ज्यांच्यासाठी काम करायचे ती माणसे रोज सकाळी दूध घेऊन समोर उभी राहत होती.

आता पुन्हा निधीच्या बातमीकडे वळू. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे. दक्षिण कोरिया सुमारे ५ टक्के खर्च करतो आणि त्यातला बहुतांश भाग उद्योग उचलतात. आपले उद्योग मागे आहेत, या निदानाबद्दल वाद नाही. वाद औषधाबद्दल आहे. स्वस्त कर्जाची योजना असे मानून चालते, की उद्योगांकडे भांडवल नव्हते म्हणून त्यांनी संशोधन केले नाही. काही नवउद्योगांच्या बाबतीत हे खरे असेल, आणि त्यांना या पैशाने बळ मिळेल. त्याचे मी स्वागत करतो. पण ज्या मोठ्या कंपनीचे तंत्र विकत आणून, आयातकराच्या आडोशाने, उत्तम चालले आहे, तिला शून्य व्याजाने पैसा दिला म्हणून ती अचानक जिज्ञासू का होईल? आकुर्डीला बदलायला लावले ते कर्जाने नव्हे.

प्रेरणा निर्माण करायची तर सरकारने पतपुरवठादारापेक्षा चोखंदळ गिऱ्हाईक व्हावे. आज सरकारी खरेदीत बहुधा सर्वांत कमी दराची निविदा जिंकते आणि निविदा भरणाऱ्याला अनेकदा मागील अनुभव व उलाढाल दाखवावी लागते. नव्या वस्तूला मागील अनुभव कोठून असणार? म्हणजे एका हाताने नवोन्मेषाला कर्ज द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला दार बंद करायचे. शिवाय ही योजना मुख्यतः प्रयोगशाळेतून सिद्ध होऊन बाहेर पडलेल्या तंत्रांसाठी आहे. ती तंत्रे जेथून येतात त्या खालच्या पायऱ्यांचे काय? तेथे पीएच.डी.चे विद्यार्थी बसतात. त्यांची शिष्यवृत्ती आंदोलनानंतर जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली, पण ती वेळेवर मिळेल याची खात्री अजूनही नसते. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या काळात एकदा सलग सात महिने एक रुपयाही आला नव्हता. खाणावळ उधारीवर चालली, प्रयोग मात्र थांबले नाहीत. याचा अर्थ संशोधकाला पैसे लागत नाहीत, असा कृपा करून कोणी काढू नये. आमच्यापैकी ज्यांच्या घरी आधार नव्हता ते दोन सहकारी त्याच वर्षी सोडून गेले, आणि ते माझ्यापेक्षा हुशार होते. माझी जिज्ञासा टिकली, कारण अपयशाची किंमत माझ्या आईवडिलांनी मोजली. त्यांची टिकली नाही, कारण ती किंमत मोजायला कोणी नव्हते.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी ‘समाजवादात शोध लागत नाहीत’ किंवा ‘भांडवलशाही फक्त चोरते’ असे म्हणाले, तर वाद घालण्यापूर्वी त्यांना वरचे तीन प्रश्न विचारा. लेनिनग्राडच्या लेसरला विचारा, आकुर्डीच्या स्कूटरला विचारा, आणंदच्या दुधाच्या डब्याला विचारा. आणि या एक लाख कोटींनाही विचारा: प्रयोग फसला तर कोण मोजणार, न बदलल्यास कोणाचे बिघडणार, आणि वस्तू तयार झाली की ती घ्यायला कोण येणार? मला पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या योजनेत सापडते. उरलेल्या दोहोंचे सापडत नाही.

मतभेद अवश्य नोंदवा. फक्त घोषणेऐवजी एखादे उदाहरण घेऊन या.